कोकण किनाऱ्यावरचे गादे, देवमासे, मुशी आणि पाकट : नोंद कोणी ठेवायची आणि कशी?

किनारवेध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आपल्या किनाऱ्यावर देवमासा बातमीत येतो तो बहुधा मरताना किंवा मेल्यावर. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि बरीच खटपट करूनही वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या चौपाटीवर ब्रायडी देवमाशाचा मृतदेह वाहून आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेल्या पिल्लाला सुमारे ४० तासांच्या प्रयत्नांनी खोल पाण्यात नेऊन सोडले, पण तेही पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि दगावले. प्रत्येक वेळी गर्दी लोटली, छायाचित्रे निघाली, हळहळ व्यक्त झाली. मात्र तो प्राणी त्याआधी कुठे होता, कळपातून चुकला होता की एकटाच फिरत होता, आपल्या पाण्यात राहणारा होता की वाटसरू होता, यातले काहीही आपल्याला सांगता आले नाही.

जिवंत प्राण्यांचा पद्धतशीर मागोवा फार थोड्या ठिकाणी घेतला गेला आहे. सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी गेल्या दशकात होडीतून पाहण्या केल्या, आणि त्यातूनच २०१५ मध्ये निळे देवमासे त्या किनाऱ्याजवळ जिवंत दिसल्याचे सर्वांना समजले. किनाऱ्यालगत, साधारणपणे २५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात आणि खाड्यांच्या मुखांशी वावरणारा कुबडवाला डॉल्फिन, म्हणजे आपला गादा, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. पाठीवर पर नसलेला, जेमतेम दीड मीटरभर लांबीचा, डॉल्फिनसारखाच भुलगा (फिनलेस पॉर्पॉइज) ‘असुरक्षित’ आहे. हे दोन्ही प्राणी मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत माणसाच्या इतक्या जवळ राहतात की त्यांचे बरेवाईट आपल्याच जाळ्यांवर, बंदरांवर आणि सांडपाण्यावर ठरते.

माझे म्हणणे असे आहे की या पाण्यावर वर्षभर डोळा ठेवणे कोणत्याही एका संस्थेला शक्य नाही. ते काम जे लोक रोज समुद्रात असतात त्यांनाच जमेल. तेव्हा बंदरोबंदरी नोंदवही ठेवता येईल का, तिच्यात काय लिहावे, आणि मुशी (शार्क) व पाकट (रे मासे) यांसारख्या रोज धक्क्यावर उतरणाऱ्या प्राण्यांची नोंद तिच्यात कशी बसवावी, यावर इथल्या जाणत्या सभासदांनी लिहावे अशी विनंती आहे.

देवगडचा_दर्या

ताई, विषय काढलात हे बरे केलेत. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, त्यामुळे तांडेलाच्या बाजूने चार गोष्टी मांडतो.

गादा रोज दिसतो. मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडलो की खाडीच्या तोंडाशीच तो असतो, आणि गिलनेट (कल्ल्यांत मासा अडकणारे उभे जाळे) ओढायला घेतले की जाळ्याच्या कडेला येऊन अडकलेला मासा काढून नेतो. त्यात जाळे फाटते. नवे जाळे विणून घ्यायला किंवा विकत घ्यायला लागणारा पैसा लहान होडीवाल्याला जड जातो, म्हणून किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्याच मनात गाद्याबद्दल माया असते असे कोणी समजू नये. तरीही मुद्दाम मारणारा माणूस मी आमच्या बंदरात पाहिलेला नाही.

अडचण वेगळी आहे. गादा किंवा भुलगा जाळ्यात अडकला आणि श्वास न मिळाल्याने मेला, तर खलाशी तो तिथेच पाण्यात सोडून देतात आणि बंदरात त्याविषयी बोलत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतला प्राणी आहे, आपण सांगितले तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, ही भीती खरी आहे. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात चांगली योजना आहे, तीही सांगितली पाहिजे. संरक्षित प्राणी अडकल्यावर जाळे कापून त्याला जिवंत सोडले आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत दिली, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवे आणि व्हेल शार्क यांना या योजनेने निश्चितच जीवदान मिळाले आहे. पण ती योजना जिवंत सोडलेल्या प्राण्यासाठी आहे. मेलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्याला अभय कोण देणार, हे ठरल्याशिवाय तुमच्या नोंदवहीत तो रकाना कायम कोरा राहील.

दुसरे म्हणजे, मासा कुठे लागतो ती जागा कोणताही नाखवा सांगत नाही. जीपीएसचे आकडे मागाल तर वही पहिल्याच दिवशी परत येईल.

अनुरेखा

देवगडचा_दर्या दादांचे दोन्ही मुद्दे फार मोलाचे आहेत. मी सागरी जीवशास्त्राचा अभ्यास करते, म्हणून मोजणीच्या अंगाने थोडे सविस्तर लिहिते.

समुद्रातले प्राणी मोजताना मुख्य अडचण ही असते की प्राणी बहुतेक वेळ पाण्याखाली असतो, आणि वर आला तरी आपली नजर त्याच क्षणी तिथे असेलच असे नाही. म्हणून ‘किती दिसले’ या आकड्याला ‘किती वेळ, किती अंतर आणि कशा समुद्रात शोधले’ या माहितीची जोड नसेल तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. एखाद्या बंदरातून वर्षभरात पन्नास वेळा गादा दिसल्याची नोंद आली आणि शेजारच्या बंदरातून पाच वेळा आली, तर पहिल्या ठिकाणी गादे जास्त आहेत असे म्हणता येत नाही. कदाचित तिथे होड्याच दहापट असतील. हा फरक ओळखायचा असेल तर ज्या फेरीत काहीही दिसले नाही त्या फेरीचीही नोंद हवी. माझ्या मते किनारवेध ताईंच्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना हा ‘काही दिसले नाही’ असाच असेल, आणि तो भरून घेणेच सर्वांत कठीण जाईल, कारण काही न दिसल्याचे लिहून ठेवावेसे कोणालाच वाटत नाही.

शास्त्रीय पाहणीत होडी आधी ठरवलेल्या सरळ रेषांवरून ठरावीक वेगाने नेतात. प्राणी दिसला की त्याचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन टिपतात. जवळचे प्राणी सहज दिसतात आणि अंतर वाढत जाते तसे निसटण्याचे प्रमाण वाढते. हे प्रमाण गणिताने काढून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. गाद्यांसाठी आणखी एक पद्धत उपयोगी पडते. त्यांच्या पाठीवरच्या पराच्या कडेला जुन्या जखमांच्या खाचा असतात आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. समजा, पहिल्या पाहणीत छायाचित्रांवरून ४० गादे ओळखले आणि पुढच्या पाहणीत ओळखलेल्या ४० पैकी २० आधीचेच निघाले, तर त्या पाण्यात खाचा असलेले सुमारे ८० गादे असावेत असा ढोबळ हिशेब करता येतो. तेच गादे वर्षानुवर्षे त्याच खाडीच्या तोंडाशी दिसत राहिले, तर ती जागा त्यांचे घर आहे हेही सिद्ध होते, आणि पुढे तिथे जेटी किंवा गाळउपसा येणार असेल तेव्हा दाखवायला पुरावा हाती राहतो.

भुलग्याला पर नाही, तो उड्या मारत नाही, आणि पाण्यावर जरा लाटा आल्या की जाणकारालाही दिसत नाही. त्याच्यासाठी पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवणे हाच चांगला उपाय आहे. तो १०० किलोहर्ट्झच्या वरचे, माणसाला ऐकू न येणारे टिकटिक आवाज काढतो आणि यंत्र ते टिपते. याचा आणखी एक लाभ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे जिवंत प्राणी दिसल्याच्या नोंदी त्या काळात जवळजवळ थांबतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा मृतदेह किनाऱ्याला आणून लावतो. नुसत्या नोंदी वाचणाऱ्याला वाटेल की पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मेलेलेच प्राणी असतात.

धक्क्यावरून

मी बरीच वर्षे मुंबईच्या बंदरांवर मासळीच्या व्यवहारात आहे. देवमासे आणि गादे यांच्याबद्दल लोक हळहळतात, मुशी-पाकटांबद्दल कोणी हळहळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो.

ससून डॉक किंवा वर्सोव्याच्या धक्क्यावर सकाळी उतरणाऱ्या ढिगात सर्वांत जास्त असते ती लहान, चपट्या नाकाची पांढुरकी मुशी. ती वर्ष-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेतात दहाबारा पिल्ले देते, म्हणून एवढ्या मासेमारीतही अजून टिकून आहे. त्याच ढिगात कानमुशीची, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीची, हातभर पिल्ले असतात. कानमुशीची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि आज ती जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. गिटारच्या आकाराची पाकटेही येतात. वेजफिश आणि जायंट गिटारफिश या दोन कुळांतल्या १६ पैकी १५ जाती २०१९ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवल्या गेल्या. सगळ्यांना एकच नाव, एकच पाटी आणि जवळपास एकच भाव. सरकारी आकडेवारीतही बराचसा माल ‘मुशी’ आणि ‘पाकट’ अशा दोन-तीन ओळींत संपतो, त्यामुळे एकूण वजन स्थिर दिसत असताना एखादी जात आतल्या आत नाहीशी झाली तरी आकड्यात कळत नाही. मला या साऱ्या प्रश्नातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

कायद्याचा प्रवासही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. जुलैमध्ये सरसकट सगळ्या मुशी-पाकटांवर बंदी आली, मच्छीमारांनी विरोध केला आणि डिसेंबरमध्ये ती दहा जातींपुरती ठेवली गेली. २०१३ मध्ये पर अंगापासून वेगळे करून आणण्यास मनाई झाली, २०१५ मध्ये परांची निर्यात थांबली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी बरीच वाढली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण धक्क्यावरच्या माणसाला यादीतली जात ओळखता येत नसेल तर कायदा कागदावरच राहतो. माझी मागणी साधी आहे : प्रत्येक मोठ्या बंदरावर लिलावाच्या जागी संरक्षित मुशी-पाकटांची मोठी रंगीत चित्रे, त्यांच्या इथल्या नावांसह, कायमची लावावीत. लॅटिन नावांचे पत्रक वाटून काही साधत नाही.

व्यापाराच्या बाजूने एक सूचना. अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखालच्या आयात नियमांची मुदत १ जानेवारी २०२६ होती. ज्या मासेमारीत गाद्यांसारखे प्राणी किती मरतात याचा हिशेब आणि बचावाची व्यवस्था नसेल, तिचा माल तिथे घेतला जाणार नाही, असा त्या नियमांचा आशय आहे. जाळ्यात कासव-सुटका यंत्र नसल्याच्या कारणावरून समुद्रातल्या आपल्या कोळंबीला २०१९ मध्ये अमेरिकेचे दार बंद झाले, ते अनेकांना आठवत असेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि भारतीय मत्स्य सर्वेक्षण यांनी सस्तन प्राण्यांची मोजणी हाती घेण्यामागे हेही एक कारण आहे. नोंद ठेवणे हा आता निर्यातीचाही प्रश्न झाला आहे.

सोलकढी

माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडे मोरीचे, म्हणजे मुशीचे, सांबारे अगदी आवडीने होते, आणि बाळंतिणीला मोरी देण्याची पद्धत घरोघरी आहे. हे सर्व वाचल्यावर मोरी खाणे सोडून द्यावे का?

धक्क्यावरून

सोलकढी ताई, सरसकट सोडा असे मी म्हणणार नाही, कारण लहान मुशीवर किनाऱ्यावरच्या अनेक गरीब घरांचे जेवण आणि कोळणींचा धंदा चालतो. मात्र घेताना डोके पाहून घ्या. डोके हातोड्यासारखे दोन बाजूंना पसरलेले असेल तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या मावशीला सांगा. डोके कापून तुकडे केलेला माल ओळखता येत नाही, तोही टाळा. लहान मुशी पुरेशी मिळते.

अनुरेखा

याला एक पुरवणी जोडते, कारण ‘जाळ्यात आले तर जिवंत सोडा’ हा सल्ला सगळ्या जातींना सारखा लागू पडत नाही. गिटारफिश आणि पाकटे तळाशी विसावून श्वास घेऊ शकतात. डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढून ते कल्ल्यांवरून सोडतात. त्यामुळे जाळे वर येईपर्यंत ती बऱ्याचदा जिवंत असतात आणि लगेच पाण्यात सोडली तर जगण्याची चांगली शक्यता असते. कानमुशीला मात्र पाणी कल्ल्यांवरून वाहते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते. जाळ्यात जखडली की ती लवकर मरते आणि होडीवर येते तेव्हा सोडण्यासारखे काही उरलेले नसते. तिच्यासाठी सुटकेची योजना कामाची नाही. तिची पिल्ले कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या पाण्यात येतात ते शोधून, तेवढ्या दिवसांपुरते तिथे जाळे न टाकणे हाच उपाय आहे, आणि ते शोधायचे असेल तर पुन्हा नोंद लागते. १९७० पासून जगाच्या खुल्या समुद्रातील मुशी-पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्या किनाऱ्याची घट किती, हे सांगायला आपल्याकडे १९७० ची जातवार नोंदच नाही.

मस्कतकर

मी रत्नागिरीचा असून नोकरीनिमित्त ओमानमध्ये राहतो. इथल्या एका प्राण्याची हकिकत या धाग्यात आलीच पाहिजे.

अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे जगातल्या इतर हम्पबॅकपेक्षा निराळे आहेत. बाकीचे हिवाळ्या-उन्हाळ्यानुसार ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे आणि परत असा प्रवास करतात. हे वर्षभर याच समुद्रात राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असा अंदाज आहे. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून या समुद्रात २४० हून अधिक हम्पबॅक मारले, आणि त्या घावातून हा छोटा समूह अजून सावरलेला नाही. २०१७ च्या अखेरीस इथल्या अभ्यासकांनी ‘लुबान’ नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र लावले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या पाण्यात पोहोचली, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीच्या बाजूला गेली आणि परत फिरली. असा प्रवास प्रथमच नोंदला गेला. गोव्याजवळच्या उथळ पाण्यात हम्पबॅक नरांची गाणी त्याआधीच ध्वनिमुद्रित झाली होती, तेव्हा ती एकटीच वाट चुकून तिकडे गेली असे मानायला जागा नाही.

म्हणजे ज्या देवमाशाला इथे जपतात तोच तुमच्या गिलनेटच्या आणि मुंबई-जेएनपीटीच्या जहाजांच्या वाटेत येतो. आपल्या बंदरातल्या कोणाला लांब, पांढुरक्या हातांचा आणि डोक्यावर गाठी असलेला देवमासा दिसला, तर त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र अवश्य घ्यावे. प्रत्येकाच्या शेपटीवरची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, आणि अशा एका छायाचित्राची ओमानच्या संग्रहाशी ओळख पटली तर त्यातून पुष्कळ काही सिद्ध होईल.

गोठ्यापलीकडे

मी पशुवैद्यक आहे. धाग्याच्या सुरुवातीला किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांचा उल्लेख आहे, त्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण चांगल्या हेतूने आलेल्या गर्दीच्या हातूनच पुष्कळदा इजा होते.

मोठ्या देवमाशाचे वजन पाणी तोलून धरते. तो वाळूवर आला की त्याच वजनाखाली त्याची फुप्फुसे आणि स्नायू दबू लागतात, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, आणि काही तासांत रक्तात विषारी द्रव्ये साठतात. म्हणून अनेक तासांनी खोल पाण्यात नेलेला प्राणी वरून तरतरीत दिसला तरी आतून खचलेला असू शकतो. शिवाय बरेच प्राणी आधीच आजारी किंवा जखमी असल्यामुळे किनाऱ्याला लागलेले असतात, आणि आईवेगळे दूधपिते पिल्लू पाण्यात सोडले तरी त्याला पाजणारे कोणी नसते.

पहिल्या तासात करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. लोकांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा आणि आवाज कमी करा. प्राणी आडवा पडला असेल तर पोटावर येईल असा आधार द्या, पुढच्या परांखाली वाळू उकरून खळगे करा. अंगावर ओली फडकी घाला, पण डोक्यावरची श्वासाची भोके झाकू नका आणि त्यांत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढू नका. त्याने पाठीचा कणा निखळतो. त्याचा श्वास तुमच्या तोंडावर येईल इतके जवळ वाकू नका, रोग जडू शकतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत त्यांचा सोपा मराठी सारांश असायला हवा.

मेलेला प्राणी जेसीबीने घाईघाईने पुरून टाकणे हा आपल्याकडचा नेहमीचा रिवाज. दुर्गंधीमुळे गावाची निकड मला समजते. तरी पुरण्यापूर्वी लांबी, लिंग, दोन्ही बाजूंची आणि तोंडाची छायाचित्रे, आणि जाळ्याचे वळ किंवा जहाजाच्या पात्याचे समांतर घाव आहेत का एवढे तरी टिपावेच. शवविच्छेदन झाले तर कारण कळते, आणि कारण कळले तर पुढचा मृत्यू टाळण्याची सोय करता येते.

जाता जाता अंबरग्रीसबद्दल. शुक्राणू देवमाशाच्या (स्पर्म व्हेल) आतड्यात न पचलेल्या माखल्यांच्या चोचींभोवती हा पदार्थ तयार होतो. कोकणात त्याच्या तस्करीचे गुन्हे वारंवार उघडकीस येतात, आणि त्यात अडकणारे बहुतेक जण झटपट पैशाच्या आशेने आलेले स्थानिक तरुण असतात. किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला तर तो वन विभागाला द्यावा. तो जवळ बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

तारकर्लीची_होडी

आमचा पर्यटकांना गादे दाखवण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे या वहीत सर्वांत नियमित नोंद आम्हीच करू शकू. हंगामात रोज त्याच वाटेने, त्याच वेळेला आमच्या फेऱ्या होतात. अनुरेखा ताई म्हणतात ती ‘किती वेळ शोधले’ ही माहिती आमच्याकडे आपोआप तयार असते.

पण आमच्या व्यवसायाची शिस्तही इथे बोलली पाहिजे. एक गादा वर आला की पाच-सहा होड्या चहूबाजूंनी त्याच्यावर जातात. पिल्लू बरोबर असलेली मादी अशा वेळी पाण्याखाली जास्त वेळ राहते आणि तिचे खाणे थांबते. ऑस्ट्रेलियात डॉल्फिनपासून ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. आपल्याकडेही अंतर, एका वेळी होड्यांची संख्या, आणि समोरून आडवे न जाता बाजूने समांतर चालणे, एवढे तीन नियम होडीमालकांच्या संघटनेनेच ठरवून पाळायला हवेत. ‘गादा दिसला नाही तर पैसे परत’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी ती बंद करावी. पाठलागाचे मूळ त्या आश्वासनात आहे.

किनारवेध

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून वहीचे रूप माझ्या डोक्यात बरेच पालटले आहे.

अभयाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा. मेलेल्या प्राण्याची खबर स्वतःहून देणाऱ्या होडीवर कारवाई होणार नाही, असे वन विभागाच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून लेखी जाहीर करावे, असे निवेदन आपण इथूनच तयार करू. गुजरातेत २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने व्हेल शार्कसाठी मोहीम चालवली, मोरारी बापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि जे मच्छीमार आधी त्याची शिकार करत त्यांनीच जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. पुढे सुटकेची छायाचित्रे काढण्यासाठी त्यांच्याच हाती कॅमेरे दिले गेले. तिथे विश्वास आधी आला आणि नोंद मागाहून आली, हा क्रम आपणही पाळावा.

एका मर्यादेची जाणीव मात्र ठेवू. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पण ते जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. राज्याची हद्द १२ सागरी मैलांवर संपते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, सुमारे २,००० चौरस किलोमीटरचा बुडालेला प्रवाळी पठार-भाग, आंग्रिया बँक, केंद्राच्या अखत्यारीत येतो. तिथल्या मुशी, पाकट आणि डॉल्फिनसाठी दिल्लीकडेच दाद मागावी लागेल, आणि लांब पल्ल्याच्या बल्यावांवरून (मोठ्या मासेमारी होड्यांवरून) येणाऱ्या नोंदी हाच तेव्हा आपला आधार असेल.

दर्या दादा, जागेची गुप्तता राखून तुम्हाला सोयीचे पडतील असे रकाने कोणते, ते तुम्हीच सांगाल का?

देवगडचा_दर्या

सांगतो. तारखेबरोबर तिथी लिहा, म्हणजे उधाण (मोठी भरती) होते की भांग (लहान भरती) ते वेगळे विचारायला नको. खोली वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) लिहा, मीटर कोणी मोजत नाही. जागेसाठी किनाऱ्याच्या नकाशावर पाच-पाच किलोमीटरचे चौकोन आखून त्यांना क्रमांक द्या. चौकोन सांगायला कोणाची हरकत नसेल, कारण एवढ्या पाण्यात नेमकी जागा उघड होत नाही. जाळ्याचा प्रकार आणि ते किती तास पाण्यात होते ते लिहा. मग गादा, भुलगा, देवमासा, कानमुशी, गिटारच्या आकाराचे पाकट, व्हेल शार्क यांची चित्रे छापा आणि प्रत्येकापुढे तीन खुणांची जागा ठेवा : दिसला, सोडला, मेला. होडीचे नाव किंवा नोंदणी क्रमांक कुठेही नको. आणि अनुरेखा ताईंचा ‘काही दिसले नाही’ हा रकाना पानाच्या शेवटी नको, सर्वांत वर हवा. बंदरात परतल्यावर दमलेला खलाशी पहिली खूण करतो आणि वही मिटतो.

छापील नमुना नारळी पौर्णिमेच्या आधी मिळाला तर नव्या हंगामाच्या पहिल्या फेरीपासून आमच्या बंदरातल्या ओळखीच्या होड्यांवर मी स्वतः नेऊन देईन.